स्वमग्न बालके आणि आपण : धारवाडपासून गोमंतकापर्यंतचा एक इतिहास

धारवाड हे नाव निघाले की खाणाऱ्याला पेढा आठवतो, गाणाऱ्याला मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात आणि वाचणाऱ्याला बेंद्रे व जी. ए. कुलकर्णी आठवतात. परंतु या मुलखात लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या कानावर त्या नावाचा आणखी एक उपयोग केव्हा ना केव्हा पडलेला असतो. पुण्याकडे ‘येरवडा’, मुंबईकडे ‘ठाणे’, तसे उत्तर कर्नाटकात ‘धारवाड’. कोणी विचित्र वागला की ‘याला धारवाडला पोचवा’ असे म्हणून हसायचे, ही आपल्याकडची जुनी चाल. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

या हसण्यामागे एक वास्तू आहे आणि त्या वास्तूमागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो संपूर्ण इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. जे मूल बहिरे नाही, परंतु हाक मारली तर वळून पाहत नाही. मुके नाही, परंतु बोलत नाही किंवा ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. जे तासन्‌तास फिरत्या चाकाकडे पाहत बसते आणि नेहमीची वाट बदलली की आकांत करते. ज्याला आज आपण स्वमग्न म्हणतो, त्या मुलाला या इतिहासात जागा केव्हा व कशी मिळाली, एवढाच आमचा विषय आहे. ही जागा मिळवून देण्यात सरकारपेक्षा व वैद्यकापेक्षाही आईबापांनी उभारलेल्या लहानमोठ्या संस्थांचा वाटा मोठा आहे. आमच्या वाचकांच्या दृष्टीने विशेष हे की, या कथेतील एक महत्त्वाचे पान आपल्या कुलदेवतांच्या गोमंतकातच लिहिले गेले आहे.

एका कायद्यातील एक शब्द

पेशवाई बुडाल्यावर धारवाडचा प्रांत इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात सामील होईपर्यंत तो मुंबईच्या कारभाराखाली होता. त्या कारभारात १८४५ मध्ये धारवाडात ‘ल्युनॅटिक असायलम’, म्हणजे वेड्यांचे आश्रयस्थान, सुरू झाले. रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ चे व ठाण्याचे १९०१ चे. धारवाडचे त्या दोहोंच्या कितीतरी आधीचे. १८५८ मध्ये सरकारने अशा आश्रयस्थानांसाठी कायदा केला, आणि माणसाला तेथे ठेवण्याचा निर्णय वैद्याच्या बरोबरीने दंडाधिकाऱ्याच्या हाती गेला. आजार हा जणू एक गुन्हाच ठरला.

१९१२ मध्ये नवा कायदा आला. त्यात ‘वेडा’ या शब्दाची जी व्याख्या दिली होती तिच्यात ज्याचे मन बिघडले आहे तो माणूस जसा होता, तसा जन्मतःच ज्याची बुद्धी खुंटलेली आहे तोही होता. ज्याच्या मनाची घडी मध्येच विसकटली तो, आणि ज्याची घडणच पहिल्यापासून निराळी आहे तो, अशा दोघांना कायद्याने एकाच शब्दात कोंबले. १९२० नंतर हिंदुस्थानात ठिकठिकाणी ‘असायलम’ हे नाव जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव आले. परंतु व्याख्या तीच राहिली. ती पुढे कितीतरी वर्षे टिकली. १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा १९९३ मध्ये अंमलात आला, तेव्हा मतिमंदत्व हा मनोविकार नव्हे असे प्रथमच स्पष्ट झाले.

ही सुधारणाच होती; तथापि तिच्यातून एक नवा पेच उभा राहिला. स्वमग्न मूल मनोरुग्ण नव्हे, आणि प्रत्येक स्वमग्न मूल मतिमंदही नव्हे. १९९५ मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार नमूद होते. अंधत्व होते, अधू दृष्टी होती, बहिरेपण होते, कुष्ठमुक्त होते, हातापायांचे अपंगत्व होते, मतिमंदत्व होते, मनोरोग होता. स्वमग्नता मात्र नव्हती. एका दाराशी गेले तर ‘हे आमचे नव्हे’ आणि दुसऱ्या दाराशी गेले तरी ‘हे आमचे नव्हे’, अशी त्या मुलाच्या आईबापांची गत झाली.

मग इतकी वर्षे ही मुले होती कुठे? असायलमात त्यांतली थोडीच गेली असतील. बहुतेक घरातच राहिली. मोठ्या घराच्या माजघरात, परसात, विहिरीच्या कट्ट्यावर, एखाद्या विधवा आत्याच्या किंवा आजीच्या नजरेखाली ती वाढली. एकत्र कुटुंबाने त्यांना पोटभर जेवू घातले, हे खरे. बहिणीला पाहायला पाहुणे आले की त्याच मुलांना आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली, हेही तितकेच खरे. जुन्या काळाचे गोडवे गाताना त्या कडीचा आवाज आपण विसरू नये.

जडभरताची गोष्ट

अशा मुलाला आपल्या परंपरेत नाव नव्हते असे कोणी म्हणेल. परंतु श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधातील जडभरताचे आख्यान ज्यांनी देवळात पुराणिकाच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना त्यातील तपशील आठवेल. बाप त्याला चार महिने गायत्री शिकवतो आणि ती त्याला येत नाही. लोक त्याला वेडा, मुका, बहिरा समजतात. भाऊ त्याला शेताच्या राखणीला बसवतात आणि कोंडाकणी जे मिळेल ते खायला घालतात. पुढे सिंधुसौवीर देशाचा राजा रहूगण याच्या पालखीला एक भोई कमी पडतो, म्हणून धष्टपुष्ट दिसणाऱ्या या ब्राह्मणपुत्राला वाटेत धरून दांडीला जुंपतात. पायाखाली मुंगी चिरडू नये म्हणून तो पाहून पाहून पाऊल टाकतो, त्यामुळे पालखीला हिसके बसतात. राजा रागावून टोचून बोलतो. तेव्हा तो तोंड उघडतो, आणि त्याचे ज्ञान ऐकून राजा पालखीतून खाली उतरून त्याच्या पायांवर डोके ठेवतो.

धारवाडच्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणानेही परिचित आहे. १९३३ मध्ये मनोहर ग्रंथमाला सुरू करणारे कन्नड नाटककार जी. बी. जोशी यांनी ‘जडभरत’ हेच टोपणनाव घेतले होते.

जडभरत स्वमग्न होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुराणातल्या पुरुषाची वैद्यकीय तपासणी करण्याचा आचरटपणा आम्हाला करायचा नाही. आम्हाला त्या कथेतील इतर माणसांचे वर्तन पाहायचे आहे. निराशेने थकलेला बाप, कामापुरता उपयोग करून घेणारे भाऊ, हसणारे लोक, आणि हिसका कोणत्या कारणाने बसतो हे न विचारता रागावणारा राजा. व्यासांच्या कथेतला हा समाज आपल्याला परका वाटत नाही. आणि एक प्रश्न मनात राहतोच. जडभरत अखेर बोलला म्हणून राजा खाली उतरला. जो अखेरपर्यंत बोलणार नाही, त्याच्यासाठी कोण उतरणार?

नाव सापडले, आणि दोषही सापडला

‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यापासून बनला. स्विस मनोवैद्य युगेन ब्लॉयलर यांनी तो १९११ च्या सुमारास दुसऱ्याच एका मनोविकाराचे एक लक्षण सांगण्यासाठी वापरला होता. रशियात ग्रून्या सुखारेवा या विदुषीने १९२५ च्या सुमारास अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले, परंतु त्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अस्पेर्गर यांनी तशाच प्रकारच्या मुलांविषयी लिहिले.

कॅनरच्या ११ मुलांतील पहिल्याची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तो तीन वर्षांचा असताना, १९३७ मध्ये, वैद्यांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. साधारण वर्षभराने आईबापांनी त्याला परत आणले. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात तो वाढला, शिकला, कुटुंबाचा संबंध असलेल्या बँकेत त्याने नोकरी केली, मोटार चालवली, दूरदूरच्या देशांचा प्रवास केला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी त्याच गावात त्याचे निधन झाले. घरची सुस्थिती त्याच्या पाठीशी होती, हे विसरता येणार नाही. परंतु सारे गाव त्याला ओळखत होते आणि आपला मानत होते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. संस्थेच्या भिंतींआड राहिला असता तर त्याची गोष्ट कॅनरच्या वृत्तांतातच संपली असती.

नाव सापडल्याबरोबर दोष कोणाचा हेही ठरवले गेले. या मुलांचे आईबाप थंड स्वभावाचे असतात, आईच्या मायेची ऊब न मिळाल्यामुळे मूल आत वळते, असा सिद्धांत पुढे आला. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्याच मताचा एक गाजलेला ग्रंथ लिहिला. एका पिढीभर पाश्चात्त्य देशांतील आया आपल्या मुलांच्या मुकेपणाचा दोष डोक्यावर घेऊन जगल्या. आपल्याकडे सासू ‘हिच्या पोटचे असे’ म्हणते, तिकडे प्राध्यापक म्हणत होते, एवढाच फरक.

ही समजूत मोडून काढली ती आईबापांनीच. लंडनमध्ये १९६२ मध्ये पालकांनी संस्था स्थापन केली. लॉर्ना विंग या मनोवैद्य तिच्या उभारणीत होत्या, आणि त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड, हेही स्वमग्न मुलाचे वडील, यांनी १९६४ मध्ये या स्थितीचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असे सप्रमाण मांडले आणि १९६५ मध्ये तेथील पालकसंघ उभारला. १९६९ मध्ये त्या संघाच्या सभेत खुद्द कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त केले. १९७७ मध्ये इंग्लंडात २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे हे स्पष्ट होऊ लागले.

त्यानंतरही खोट्या समजुती संपल्या नाहीत. १९९८ मध्ये गोवराच्या संयुक्त लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा एक निबंध इंग्लंडात प्रसिद्ध झाला. तो खोटा ठरून २०१० मध्ये मागे घेतला गेला. तरी ती भीती आजही घरोघर फिरते. अंधश्रद्धा केवळ देवळाच्या पायरीवरच बसलेली असते असे समजण्याचे कारण नाही.

मराठीत ‘स्वमग्न’ आणि कन्नडात ‘स्वलीन’ हे शब्द रूढ झाले आहेत. दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि दोन्ही थोडे फसवे आहेत. मग्न आणि लीन म्हटले की आपल्याला योगी आठवतो, आपल्याच आनंदात रमलेला. वस्तुतः या मुलांपैकी अनेकांना इतरांपर्यंत पोचायचे असते. पोचण्याची वाट त्यांना सापडत नाही, आणि त्यांनी शोधलेली वाट आपल्याला ओळखता येत नाही.

आपल्या देशातील वाटचाल

आपल्या देशातही आरंभ घरातूनच झाला. १९४४ मध्ये मुंबईत जय वकील व त्यांचे पती यांनी आपल्या मुलीसाठी राहत्या घरी शाळा सुरू केली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून वाढली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी कामायनी ही संस्था उभारली. या संस्था मतिमंद मुलांसाठी होत्या. स्वमग्न मुले तेथे आली तरी बहुधा वेगळ्या नावाने ओळखली जात नव्हती. बंगळूरात १९७४ मध्ये निम्हान्स स्थापन झाली आणि कर्नाटकातील पालकांना निदानासाठी एक मोठे ठिकाण मिळाले.

केवळ स्वमग्नतेसाठी झटणारी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था दिल्लीत १९९१ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापिका मेरी बरुआ याही एक आईच. शाळा चालवणे, शिक्षक तयार करणे आणि सरकारदरबारी भांडणे ही तिन्ही कामे या व अशा पालकसंस्थांनी एकदम हाती घेतली. त्याचे फळ म्हणजे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. भारतीय कायद्याच्या नावातच स्वमग्नता हा शब्द प्रथम आला तो येथे. २००९ मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने स्वमग्नता मोजण्यासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी तयार केली. तीत ७० किंवा अधिक गुण आले तर स्वमग्नता मानली जाते. शेवटी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातांच्या जागी एकवीस प्रकार मान्य केले, त्यांत स्वमग्नता आली. १९१२ च्या त्या एका शब्दापासून येथवर येण्यास शंभरावर वर्षे लागली.

गोमंतकातील पान

आता आपल्या घरच्या पानाकडे वळू. हुबळी-धारवाडचे कोंकणी घर वर्षातून एकदा तरी लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर या वाटेने खाली उतरते आणि कुलदेवतेपुढे नारळ ठेवते. त्या गोमंतकाचे मनोव्यापारांच्या विद्येशी जुने नाते आहे. बार्देशातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचा विचार नव्या पायावर मांडला. पणजीतील त्यांचा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला आहे.

याच गोव्यात १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. सांगात, सांगाती हे शब्द ज्यांच्या बोलीत आहेत त्यांना या नावाचा अर्थ सांगायला नको. आरंभी संस्थेचे लक्ष मुलांच्या वाढीवर व कौटुंबिक प्रश्नांवर होते. पुढे तिने एक साधा पण धाडसी विचार हाती घेतला. आपल्या देशात मनोवैद्य मूठभर आहेत आणि गरजवंत असंख्य आहेत. तेव्हा गावातल्याच सामान्य शिकलेल्या स्त्रीपुरुषांना नीट प्रशिक्षण देऊन, वर तज्ज्ञांची देखरेख ठेवून, त्यांच्याकडून हे काम का करून घेऊ नये? गोव्यातील २४ आरोग्यकेंद्रांत नैराश्याच्या रोग्यांवर या पद्धतीची कसून परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये जगापुढे आले.

स्वमग्नतेच्या बाबतीत संगाथने प्रथम एक गोष्ट केली ती आम्हाला फार मोलाची वाटते. उपचार सांगण्यापूर्वी तिच्या कार्यकर्त्यांनी आईबापांचे ऐकून घेतले. गोव्यातील कुटुंबांशी झालेल्या या संवादांचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यांच्या नजरा, लग्नकार्याला जाणे बंद होणे, शिक्षकांचे आणि डॉक्टरांचेही अज्ञान, आणि कोणापाशी बोलावे हे न कळल्यामुळे घरच्या घरी आक्रसत जाणे, हे सारे त्यात आले. ते वाचताना आम्हाला हुबळीतलीही अनेक घरे दिसली.

नंतर २०१३ मध्ये एक प्रयोग झाला. इंग्लंडात मँचेस्टरच्या तज्ज्ञांनी तयार केलेली एक उपचारपद्धती आपल्याकडच्या परिस्थितीला बेतून घेण्यात आली, आणि तिची परीक्षा गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडीत एकाच वेळी करण्यात आली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांचा विचार एकत्र व्हावा, ही गोष्ट त्या काळात सामान्य नव्हती. दोहोंकडची मिळून २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. ३२ मुलांच्या घरी प्रशिक्षित कार्यकर्ते गेले. ३३ जणांना नेहमीची सेवा मिळत राहिली.

पद्धत अशी होती. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना त्याचे थोडा वेळ चित्रण करावयाचे. मग कार्यकर्त्याने व आईने ते मिळून पाहावयाचे. कार्यकर्त्याने मुलाला काही शिकवावयाचे नाही; आईला चूक दाखवावयाची नाही. मुलाने एखाद्या क्षणी वाटी उचलली, वळून पाहिले, एखादा आवाज काढला, तर तो क्षण थांबवून विचारावयाचे, ‘येथे त्याने तुम्हाला काय सांगितले?’ आपण मुलाला सारखे ‘हे बघ, ते बघ, हे म्हण’ असे हुकूम देत असतो आणि त्या गडबडीत त्याने पुढे केलेला हात आपल्याला दिसत नाही, हे आईला आपल्याच डोळ्यांनी दिसते. अशा १२ बैठका ठरल्या होत्या. ३२ पैकी २६ कुटुंबांनी त्या पूर्ण केल्या.

२०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलाच्या लयीशी जुळवून घेण्याची पालकांची क्षमता पुष्कळ वाढली होती आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवादाला आरंभ करू लागली होती. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याच्या वेळेत मात्र घट दिसली. ही गोष्टही संशोधकांनी लपवली नाही. मुले संख्येने थोडी होती, काळ थोडा होता, आणि चमत्काराचा दावा कोणी केला नाही. तरीपण या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध झाली. दिल्ली-बंगळूरची वाट न धरता, घरातल्या चटईवर बसून, आपल्या गावच्या माणसाच्या मदतीने बरेच काही करता येते. आणि ज्या आईला एके काळी मुलाच्या दुःखाचे कारण ठरवले होते, तीच त्याच्या प्रगतीचे मोठे साधन आहे.

घरची भाषा

येथे आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न उपस्थित होतो. हुबळीच्या आपल्या घरात मूल आईशी कोंकणी बोलते, पोथी मराठीत ऐकते, गल्लीत कन्नड ऐकते आणि शाळेत इंग्रजी. मूल बोलत नाही असे दिसले की आईबापांना हमखास सल्ला मिळतो की, एवढ्या भाषांनी त्याचा गोंधळ होतो, घरची भाषा बंद करा आणि शाळेची तेवढी ठेवा. अनेक आईबापांनी हा सल्ला शिरोधार्य मानला. मग आजीने त्या नातवाशी बोलायचे कसे? जी इंग्रजी आईलाच परकी, तीत ती बाळाला रागावणार कशी आणि कुरवाळणार कशी?

हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, परंतु त्याला आधार नाही. कॅनडात व अन्यत्र झालेल्या अभ्यासांत, दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडतात असे आढळले नाही. उलट, घरची भाषा काढून घेतली की घरातली निम्मी माणसे मुलापासून तुटतात. ज्या मुलाला माणसांशी जोडणारे धागे आधीच थोडे, त्याचा एक धागा आपल्या हाताने का तोडावा? कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषा जपण्याच्या गोष्टी आपण संमेलनांत करतो; या घरांत ती गोष्ट व्यासपीठावरची राहत नाही, ती रोजच्या जेवणाच्या पाटावरची होते.

हुबळी-धारवाड, देऊळ आणि आपण

धारवाडच्या त्या जुन्या इस्पितळाचे २००९ मध्ये मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाच्या संस्थेत रूपांतर झाले. बेळगाव रस्त्यावरून जाताना तिची पाटी दिसते. ‘धारवाडला पोचवा’ हा विनोद मात्र अजून जुन्याच इमारतीत राहतो. वास्तूचे नाव सरकारने पालटले. आपल्या तोंडचे नाव आपणच पालटावयाचे आहे.

देवस्थानांनी काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु आपल्या भागातील दाखले डोळ्यांपुढे आहेत. हुबळीच्या सिद्धारूढ मठात जातपात न विचारता अन्नदासोह चालतो. श्रीक्षेत्र धर्मस्थळाच्या आश्रयाने धारवाडात दंतवैद्यक व वैद्यक महाविद्यालये उभी राहिली. देऊळ हे केवळ दर्शनाचे स्थान नव्हे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. या मुलांसाठी तर मोठा पैसाही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एका देवळाच्या उत्सवात पालखी निघाली असता आम्ही सभामंडपात उभे होतो. ढोल, ताशे, शिंगे एकदम वाजू लागली. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा कानांवर हात दाबून जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला आणि मग मोठ्याने ओरडू लागला. आमच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘अशांना घरीच ठेवायला हवे.’ मुलाच्या आईने ते ऐकले. ती भांडली नाही. ‘वाजप सोंपलें म्हणटकच येतां’ एवढेच बोलून ती मुलाला घेऊन अग्रशाळेच्या मागे गेली. पालखी देवळाभोवती फिरून आत गेली, आरती झाली, प्रसाद वाटला गेला. ती परत आली तेव्हा मंडप झाडला जात होता. आम्ही त्या गृहस्थांना काहीच बोललो नाही. ती गोष्ट आम्हाला आजही टोचते.

या मुलांपैकी अनेकांच्या कानांना, डोळ्यांना, त्वचेला साध्या गोष्टी असह्य तीव्रतेने जाणवतात. आपल्याला जो मंगल वाद्यघोष, तो त्यांना कानात खिळा ठोकल्यासारखा. हे एकदा कळले की उपाय अवघड नाही. पहाटेच्या किंवा दुपारच्या शांत वेळी अशा कुटुंबांना निवांत दर्शन मिळावे. महाप्रसादाच्या वेळी एका बाजूची खोली त्यांच्यासाठी मोकळी असावी. एकच कृती पुन्हा पुन्हा करण्यात ज्यांना समाधान मिळते, त्यांना फुले निवडणे, वाती वळणे, समया घासून ओळीने मांडणे ही सेवा द्यावी. ती त्यांच्या हातून आपल्याहून नेटकी होईल. देवाला कौल लावण्यासाठी आलेल्या आईबापांना भटजींनी आशीर्वादाबरोबर एवढेही सांगावे की, मुलाला लवकर तपासून घ्या, दोन वर्षांचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल तर पुढच्या नवसाची वाट पाहू नका. श्रद्धा व तपासणी यांत भांडण नाही. वाया जाणाऱ्या वर्षांशी मात्र आहे.

आणि शेवटी तो प्रश्न, जो प्रत्येक अशा घरात रात्री दिवा मालवल्यावर विचारला जातो. आमच्यामागे याचे कोण? कायद्याने त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. अठरा वर्षांनंतर आईबापांचे पालकत्व आपोआप चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो, आणि नोंदलेली संस्थाही असा अर्ज करू शकते. निरामय या योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. हे अर्ज कसे भरावेत, प्रमाणपत्र कोठून मिळवावे, हे सांगणारा एक माणूस प्रत्येक देवस्थानच्या कचेरीत आठवड्यातून एक तास बसला, तरी कित्येक आईबापांची वणवण वाचेल.

कागदावर पालक नेमता येतो. गाव नेमता येत नाही, ते व्हावे लागते. फॉरेस्ट गावातील त्या मुलाला ते लाभले. आपल्याकडे पुढच्या उत्सवाला पालखी निघेल तेव्हा एखादे मूल कानांवर हात ठेवून मागे सरेल. वादकांना क्षणभर हात आवरायला सांगावे, आईसाठी वाट मोकळी करावी, आणि ती परत येईपर्यंत प्रसादाचे एक पान राखून ठेवावे. रहूगण राजा जडभरताचे बोलणे ऐकून पालखीतून उतरला. आपण न ऐकताच उतरावे.